काटा एक, वाचणारे दोन

आदिलाबाद जिल्ह्यात हत्नूर नावाची दोन गावं आहेत आणि दोन्ही मंडळांची मुख्य ठिकाणं आहेत. एकाच्या आधी ‘गुडी’ लागतं, म्हणजे तेलुगूत देऊळ, आणि दुसऱ्याच्या आधी ‘बाजार’. गुडीहत्नूर आणि बाजारहत्नूर. त्यामुळे पत्ता चुकत नाही. नाव एक आणि गावं दोन, हा तिढा इथल्या लोकांनी एका शब्दात सोडवला. दार एक आणि नावं दोन, असा याच्या अगदी उलट तिढा संगणकाच्या पोटात तयार झाला होता. तो सोडवायला जगातल्या हुशार मंडळींना बरीच वर्षं लागली. त्याचा बाजारहत्नूरच्या कापूसवाल्याशी काय संबंध, असं कुणीही विचारील. तो संबंध भुईकाट्यावर लागतो.

बाजारहत्नूर म्हणजे कडेम नदीच्या उगमाचा मुलूख. ही नदी पुढे कुंतालाच्या धबधब्यावरून उडी घेऊन गोदावरीला मिळते. सीमेवरच्या या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि गोंडी एकाच ओट्यावर बोलल्या जातात, आणि हंगामात तिन्ही भाषांतला विषय एकच असतो, तो म्हणजे कापूस. वेचणी झाली की गाडी भरायची आणि आदिलाबादच्या यार्डात नाहीतर जवळच्या जिनिंगवर न्यायची. तिथे आधी भरलेली गाडी काट्यावर चढते, माल उतरला की रिकामी गाडी चढते. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष.

या वजाबाकीला किंमत आहे. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. म्हणजे त्या भावाने वीस किलोंची चूक 1,622 रुपयांना पडते. अशा मोठ्या काट्याचा सगळ्यात लहान टप्पाच बहुधा 5 किंवा 10 किलोंचा असतो, त्यामुळे वीस किलो म्हणजे पडद्यावर दोन-चार टप्पे. शेतकरी हे जाणतो. ओलावा मोजणाऱ्या यंत्राकडे तो डोळ्यांत तेल घालून बघतो, कारण भारतीय कापूस महामंडळ 8 टक्क्यांच्या वर गेलेल्या ओलाव्यावर भाव कापतं आणि 12 टक्क्यांच्या वर माल घेतच नाही. काट्याच्या लाल आकड्यांकडेही तो बघतो. तो आकडा आणि छापून येणारी पावती यांच्या मध्ये असलेल्या वायरीकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं.

ही वायर फार जुन्या घराण्यातली आहे. काट्याच्या पाटाखाली बसवलेले लोडसेल वजनाचं रूपांतर विजेच्या बारीकशा इशाऱ्यात करतात, इंडिकेटर नावाची पेटी त्या इशाऱ्याचा आकडा करते, आणि तो आकडा ‘आरएस-232’ पद्धतीच्या सीरियल वायरीतून संगणकाकडे जातो. ही पद्धत अमेरिकेत 1960 मध्ये ठरली, तेव्हा चंद्रावर माणूस पोचायचा होता. सीरियल म्हणजे एकामागून एक. पाऊलवाटेवर जशी माणसं एकामागे एक चालतात, तसे यातून बिट जातात. नेहमीचा वेग सेकंदाला 9,600 बिटांचा, आणि एका अक्षराला पुढचा-मागचा दांडा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. वजन सांगायला हे भरपूर झालं. बरेच इंडिकेटर वजनाच्या आधी दोन इंग्रजी अक्षरं लावतात. वजन स्थिरावलं असेल तर ‘एसटी’ आणि डुलत असेल तर ‘यूएस’. या एसटीचा लाल डब्याशी काही संबंध नाही, पण ती थांबल्याशिवाय उतरू नये हा नियम इथेही लागू आहे.

आता पलीकडचा संगणक. त्यावर पावती करणारा प्रोग्रॅम असतो. हल्ली त्याच्या जोडीला आणखी कुणीतरी असतं. मुख्य कार्यालयाला आकडे पाठवणारा एखादा प्रोग्रॅम, बाहेरच्या मोठ्या पडद्यावर वजन दाखवणारा दुसरा, कॅमेऱ्याच्या फोटोवर वजन उमटवणारा तिसरा. सगळ्यांना वजन हवं असतं, आणि वायर एकच असते. एका वेळी एका सीरियल दारावर, म्हणजे ही वायर जिथे संगणकात शिरते तिथे, कुणी बसायचं, हे ठरवण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नेलचं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नेल इथे भलताच उदार आहे. कुणी वेगळं सांगितलं नाही तर तो दोघांनाही दार उघडून देतो. मग वायरीतून आलेलं अक्षर जो आधी उचलेल त्याचं. दोन्ही प्रोग्रॅम ओळीओळीने वाचत असतील तर काही ओळी याला मिळतात, काही त्याला. अक्षराअक्षराने वाचत असतील तर आकडाच फाटतो. 12450 मधला 4 पळवला गेला तर उरतात 1250. बारा टनांची गाडी सव्वा टनाची होते. एवढी मोठी चूक कुणाच्याही नजरेत भरेल. पण दोन लागोपाठच्या ओळींचे तुकडे जोडून तयार झालेला, दिसायला अगदी खरा वाटणारा आकडा नजरेत भरत नाही. शिवाय वेगाची मांडणी प्रोग्रॅमची नसते, दाराची असते. एकाने 9,600 ठरवलं आणि मागून आलेल्याने 2,400 केलं, तर पहिल्याच्या हातात नुसता कचरा येतो.

हा मूर्खपणा वाटतो. पण त्याच्या मुळाशी शहाणपण होतं.

1969 नंतर अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी लिनक्सचा पूर्वज असलेलं युनिक्स घडवलं, तेव्हा संगणकाशी बोलायचं साधन होतं टेलिटाइप, म्हणजे टंकलेखन यंत्राला तार जोडलेली खडखडणारी पेटी. त्यातलं गाजलेलं मॉडेल 33 सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. आजही लिनक्समध्ये अशा दारांना ‘टीटीवाय’ म्हणतात, ते या टेलिटाइपचंच उरलेलं नाव. त्या पेटीवर एक माणूस बसायचा, पण त्याच्यासाठी काम करणारे प्रोग्रॅम अनेक. शिवाय दुसरा वापरकर्ता त्याच्या कागदावर निरोप छापू शकायचा, आणि यंत्र बंद करण्याआधी व्यवस्थापक सगळ्यांच्या कागदांवर दवंडी पिटायचा. म्हणजे टर्मिनल हा गावचा चौक होता आणि चौकाला कुलूप नसतं. पुढे त्याच दारावर मोडेम आले, प्रिंटर आले, काटे आले. चौकाचे नियम तिजोरीला लागले, ही खरी अडचण.

मोडेम आल्यावर ती पहिल्यांदा जाचली. एकाच फोनलाइनवरून बाहेरचे लोक आत येणार आणि आतले प्रोग्रॅम बाहेर फोन लावणार. बेल लॅबमध्येच 1970 च्या दशकात माइक लेस्क यांनी यूयूसीपी नावाची व्यवस्था लिहिली होती. तिने युनिक्स यंत्रं रात्री एकमेकांना फोन करून टपाल द्यायची-घ्यायची. भारतात संशोधन संस्थांना जोडणारं अर्नेट 1986 मध्ये सुरू झालं. जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आयआयटी आणि बंगळुरूची विज्ञान संस्था त्यात होत्या, आणि तिथेही सुरुवातीची ई-मेल याच यूयूसीपीवरून धावली. मुंबईतल्या फोनलाइनी तेव्हा कशा होत्या हे ज्यांनी फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला त्यांना सांगायला नको.

यूयूसीपीचा तोडगा घरगुती होता: दारावर चिठ्ठी. मोडेम वापरायला घेणाऱ्या प्रोग्रॅमने ठरलेल्या कप्प्यात त्या दाराच्या नावाची छोटी फाइल ठेवायची आणि तीत स्वतःचा क्रमांक लिहायचा. दुसरा आला की आधी चिठ्ठी बघणार, असेल तर परत जाणार. साधं, स्वस्त, आणि सगळेच सज्जन असतील तर पुरेसं. पण वीज गेली आणि यंत्र बंद पडलं की चिठ्ठी तशीच राहायची. मालक गेला, पाटी राहिली. मग पुढच्याने चिठ्ठीतल्या क्रमांकाचा प्रोग्रॅम जिवंत आहे का ते तपासायचं. तोवर तोच क्रमांक दुसऱ्याच कुणाला मिळालेला असला, तर बिनकामाची चिठ्ठीही खरी ठरायची. आणि जो प्रोग्रॅम चिठ्ठी बघतच नाही, त्याला कोण अडवणार? कर्नेलला तर त्या चिठ्ठीचा पत्ताच नसायचा.

दोन नावांची गोष्ट इथेच येते. लिनक्सच्या पहिल्या वर्षांत थिओडोर त्सो यांनी सीरियल दारांचा भाग सांभाळला. सन कंपनीच्या युनिक्सवर आधीच असलेली एक युक्ती लिनक्सनेही घेतली: एकाच दाराला दोन नावं द्यायची. ‘टीटीवायएस’ या नावाने बाहेरून येणाऱ्यांची वाट बघायची, ‘सीयूए’ या नावाने बाहेर फोन लावायचा. एक नाव वापरात असेल तर दुसरं कर्नेल रोखून धरणार. युक्ती डोकेबाज होती, पण चिठ्ठ्या जुन्याच चालू राहिल्या. एक प्रोग्रॅम ‘सीयूए’च्या नावाची चिठ्ठी लावायचा, दुसरा ‘टीटीवायएस’च्या नावाची चिठ्ठी शोधायचा. ती नसायची, मग तो आत शिरायचा. शेवटी 1990 च्या दशकाच्या अखेरीस लिनक्सने दुसरं नाव मोडीत काढायला घेतलं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या भावंडाने मात्र ते अजून जपलं आहे. त्या काळाचे अवशेष अजून सापडतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर सीरियल दार वापरायचं तर वापरकर्त्याला आजही ‘डायलआउट’ नावाच्या गटात घालावं लागतं, मग त्याने आयुष्यात मोडेम पाहिलेला नसला तरी.

चिठ्ठी आणि खरं कुलूप यांतला फरक जुन्या रेल्वेवाल्यांना पुस्तकाशिवाय कळायचा. मुदखेड ते आदिलाबाद हा मार्ग एकेरी. देशभरच्या अशा एकेरी मार्गांवर वर्षानुवर्षं नीलच्या गोळ्याची पद्धत चालली. दोन स्टेशनांमधल्या टप्प्यात शिरायचं तर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा हवा. गोळ्याची पेटी दोन्ही स्टेशनांत, आणि दोन्ही पेट्या विजेने एकमेकींना बांधलेल्या. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नाही. स्टेशनमास्तरच्या भलेपणावर काही सोडलेलं नाही. संगणकशास्त्रात एकमेकांची वाट अडवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी डच शास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात जी कल्पना मांडली, तिला त्यांनी नाव दिलं सेमाफोर. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वरखाली करणारा सिग्नल.

असं खरं कुलूप लिनक्सच्या कर्नेलमध्येही आहे. प्रोग्रॅमने दार उघडल्यावर ‘आता फक्त मी’ असा एक निरोप कर्नेलला दिला की पुढच्याला कर्नेल ‘दार व्यग्र आहे’ असं सांगून परत पाठवतो. प्रोग्रॅम मेला आणि दार बंद झालं की कुलूप आपोआप जातं. शिळी पाटी मागे राहत नाही. प्रशासकाला मात्र यातून सूट आहे. आणि गंमत अशी, की दाराला कुलूप आहे की नाही हे विचारण्याची सोय 2013 च्या 3.8 आवृत्तीत आली. तोवर कुलूप लावता यायचं, काढता यायचं, पण लावलंय का ते बघता येत नव्हतं.

विंडोजने उलटी वाट धरली. तिथे सीरियल दार पहिल्यापासून एकाचंच. दुसऱ्याने मागितलं की नकार. भुईकाट्यासाठी हा नियम बरा, असं वाटेल आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण त्याचा त्रास काट्यावर बसणाऱ्या माणसाला होतो. पावतीचा प्रोग्रॅम अडकला, पण मेला नाही, तर दार त्याच्याच मुठीत राहतं. नवा प्रोग्रॅम सुरू केला की नकार येतो. बाहेर गाड्यांची रांग, कापसावर ऊन किंवा ढग, हमाल खोळंबलेले, मागचे हॉर्न वाजवताहेत. अशा वेळी संगणक पुन्हा चालू करायला पाच मिनिटं लागतात आणि लाल आकडा बघून वजन हाताने टाइप करायला पाच सेकंद. माणूस काय करील?

धोका नेमका इथे आहे. आकडा फाटला तर कधीतरी कळतो. हाताने टाइप झालेला आकडा मात्र वायरीने आलेल्या आकड्यासारखाच दिसतो. त्याच अक्षरांत, त्याच जागी, त्याच पावतीवर. चुकून टाइप झालेला आणि मुद्दाम टाइप केलेला, हेही पुन्हा एकसारखेच दिसतात. यंत्राने वजन करायचा जो सगळा खटाटोप, त्याला मागच्या दाराने वाट मिळते, आणि ती वाट उघडतो कुलपाचा जाच.

तेव्हा कुलूप नको, असं कुणी म्हणेल. त्याने लिनक्सच्या टीटीवाय भागाचा इतिहास बघावा. हा भाग इतका गुंतागुंतीचा, की 2009 च्या जुलैत एका दुरुस्तीवरून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी खटका उडाला आणि ॲलन कॉक्स यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाने त्याची जबाबदारी सोडून दिली. त्याच वर्षीच्या आवृत्तीत शिरलेली एक चूक 2014 पर्यंत कुणाला दिसली नाही. एकाच टर्मिनलवर दोघांनी एका क्षणी लिहिलं तर आतला साठा त्याच्या कडेबाहेर सांडायचा, आणि साधा वापरकर्ता त्या सांडण्याचा फायदा घेऊन यंत्राचा मालक होऊ शकायचा. पाच वर्षं जगभरच्या यंत्रांत ही फट होती. कारण एवढंच, की दोन लिहिणाऱ्यांच्या मध्ये एका ठिकाणी कुलूप लावायचं राहिलं होतं.

घरगुती उदाहरण हवं असेल तर इंजिनीअरिंगच्या कुठल्याही वसतिगृहात विचारावं. 2022 च्या उबुंटूवर स्वस्तातला आर्डुइनो बोर्ड जोडला की त्याचं सीरियल दार दिसायचं आणि लगेच गायब व्हायचं. त्या बोर्डावरची सीएच-340 ही चिनी चिप अंध लोकांच्या काही ब्रेल उपकरणांतही वापरतात. ब्रेलसाठीचा प्रोग्रॅम ती ओळख बघून ‘हे माझं’ म्हणत दारावर हक्क सांगायचा. इंटरनेटवर सल्ला फिरला: तो प्रोग्रॅमच काढून टाका. मुलांनी काढला, त्यांचं काम झालं. पण त्याच प्रयोगशाळेतल्या संगणकावर उद्या अंध विद्यार्थी बसला तर त्याचं काय, याचा विचार त्या सल्ल्यात नव्हता. दार कुणाचं हे ओळखायची रीत कच्ची असली की सोसावं कुणी, हे मग ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

काट्यावर ही रीत पक्की करणं अवघड नाही. वायर वाचणारा प्रोग्रॅम एकच असावा, त्याने कर्नेलचं कुलूप लावावं, आणि पावती, पडदा, कॅमेरा, मुख्य कार्यालय या बाकीच्या सगळ्यांनी वजनाची प्रत त्याच्याकडून घ्यावी. अक्षरं मोजून, ‘एसटी’ची खूण बघून, पूर्ण ओळ आली तरच तिला वजन मानावं. अडकला तर त्याला संपवून पुन्हा उभा करायची सोय एका बटणावर असावी, म्हणजे हाताने टाइप करायचा मोह होणार नाही. यात नवा शोध काही नाही. कुठल्याही बऱ्या प्रोग्रॅमरच्या एका आठवड्याचं काम आहे. ते होत नाही, कारण काटा विकत घेताना निविदेत पाटाची लांबी, टनांची क्षमता आणि लोडसेलची हमी लिहिलेली असते, वायरीच्या पलीकडचं कुणी विचारत नाही.

सरकारला हे तत्त्व ठाऊक नाही असंही नाही. रेशन दुकानांत ई-पॉस यंत्र थेट इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडायला राज्यांना प्रोत्साहन मिळावं म्हणून केंद्राने 2021 मध्ये नियम बदलले. आकडा माणसाच्या बोटांतून न जाता यंत्रातून यंत्रात जावा, हाच हेतू. पाच किलो तांदळाला जी काळजी, ती पाच टन कापसाला नको का? कापूस महामंडळाने 2025 पासून ‘कपास किसान’ ॲपवर शेतकऱ्याला वेळ आगाऊ ठरवायला लावली. म्हणजे यार्डाच्या फाटकावर एक प्रकारचं कुलूप आलं. ते आत काट्याच्या वायरीपर्यंत पोचलं तर बरं.

2009 च्या वैध मापन कायद्याखाली काट्यांची ठरावीक मुदतीने तपासणी होते, शिक्का बसतो. त्या दिवशी निरीक्षकाने आणखी दोन गोष्टी करून बघाव्यात. पावतीचा प्रोग्रॅम चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅमला तेच दार उघडता येतं का, आणि वायर उपटली तरी पावती निघते का. उपटलेल्या वायरीवरही पावती निघत असेल, तर तिच्यावर तसं छापलेलं हवं. वजनाच्या आकड्याशेजारी एक शब्द, ‘यंत्र’ किंवा ‘हात’, एवढीच मागणी. शाई वाढणार नाही, कागद वाढणार नाही. हंगाम संपल्यावर एखाद्या काट्यावर किती पावत्यांवर ‘हात’ आहे हे मोजलं, की कुठला संगणक बदलायचा आणि कुठल्या माणसाशी बोलायचं ते कळेल.

आणि भाषेचा प्रश्न बाजारहत्नूरात निघणार नाही. ‘यंत्र’ तेलुगूतही ‘यंत्रं’च आहे. ‘हाता’ला तिथे ‘चेय्यि’ म्हणतात, तेवढा एक शब्द दोनदा छापावा लागेल.